चिऊ, सूटची ऑर्डर जरा थांबव

प्रिय चिऊ,

काल रात्री तुझा मेसेज आला की स्कायडायव्हिंगचा ट्रॅकिंग सूट ऑर्डर करतेय, हवा भरून फुगणारा, पडताना आडवं लांब नेणारा तो, वन-पीस, खाली फोटो, तेव्हापासून तीनदा रिप्लाय टाइप करून पुसला. व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नाहीये ते, म्हणून पत्रच लिहायला बसले. आधीच सांगते, मी नको म्हणत नाहीये. मी स्वतः 41 व्या वर्षी अ‍ॅरिझोनातल्या ईलॉयला पहिली उडी मारली, तू बाबांचा हात धरून खाली उन्हात उभी असायचीस, मी तुला कोणत्या तोंडाने नको म्हणणार?

पण एक गोष्ट तुला, बाबांना, कुणालाच कधी सांगितली नाही, ती आज सांगते.

माझ्या तेव्हा दोनशेच्या आसपास जंप झाल्या होत्या आणि सूट नवीनच होता, तोच जॅकेट-पँटचा टू-पीस जो अजून कपाटात आहे. आम्ही दुसऱ्या एका ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या ठिकाणी, गेलो होतो, नाव राहू दे. विमानात ठरलं की मी पहिली बाहेर पडणार आणि जंपरनच्या, म्हणजे उड्या मारताना विमान ज्या वाटेने जातं तिच्या, काटकोनात उजवीकडे निघणार, म्हणजे मागून पडणाऱ्या ग्रुप्सच्या वाटेत येणार नाही. दार सोडलं, पाय ताणले, हात मागे घेतले आणि छातीवरच्या, मांडीवरच्या तोंडांतून हवा शिरून सूट फुगला, आणि काय सांगू तुला, लहानपणी अण्णा विहिरीत पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरायचे ना, अगदी तसं वाटलं, की कुणीतरी खालून अलगद धरलंय आणि आता मी पडत नाहीये, जातेय. त्या आनंदात मी खाली जमिनीकडे बघितलंच नाही. माझा डावा खांदा जरासा खाली होता, जरासाच, पण त्या वेगात तेवढा पुरतो. मला वाटत होतं सरळ चाललेय, प्रत्यक्षात मी मोठ्ठं वळण घेत पुन्हा जंपरनच्या खाली येत होते. कॅनोपी, म्हणजे पॅराशूट, उघडली आणि काही सेकंदांत दोन माणसं माझ्या शेजारून सुसाट खाली गेली. एकाचं हेल्मेट पिवळं होतं, ते अजून दिसतं मला डोळे मिटले की.

उतरल्यावर त्या दोघांना शोधून माफी मागितली. ते शांतपणे बोलले, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

हे का झालं ते नीट समजून घे, कारण सूटमुळेच ते जास्त अवघड होतं. पोटावर पडणारा माणूस ताशी 190-200 किलोमीटरने खाली येतो, सूटमध्ये तू त्यापेक्षा बरीच हळू येतेस, म्हणजे हवेत जास्त वेळ राहतेस आणि तुझ्यानंतर उडी मारलेले लोक वरून तुला गाठू शकतात. त्यात आडवं अंतर कापायची तुझी ताकद वाढलेली, साध्या कपड्यांत चांगला ट्रॅकर किलोमीटरभरापेक्षा जास्त जातो, सूटमध्ये त्याहून लांब, त्यामुळे दिशा चुकली तर चूकही तेवढीच लांब जाते. म्हणून किती लांब गेले हे नंतर मोज, आधी कुठे गेले ते सांगता आलं पाहिजे. बाहेर पडायच्या आधी क्षितिजावर एक खूण पकड. मी ईलॉयला त्यानंतर कायम पिकाचो पीकचा डोंगर किंवा हायवे धरायचे, तुला कॅलिफोर्नियातल्या तुझ्या पेरिसवरून लेक एल्सिनोर हा तलाव दिसतो तो धर, आणि दर चार-पाच सेकंदांनी खाली बघ की तू विमानाच्या वाटेपासून खरंच लांब जातेयस का. बोर्डिंगच्या आधी तुझ्या मागच्या ग्रुपला स्वतः जाऊन सांग, मी ट्रॅक करतेय, या बाजूला जाणार. लाज वाटायचं काही कारण नाही.

तुझ्या 170 जंप झाल्यात, विंगसूटला यूएसपीएचा, म्हणजे अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा, किमान 200 जंपचा नियम आहे आणि तू म्हणतेस ट्रॅकिंग सूटला पंख नसतात मग काय. बरोबर आहे, हातापायांमध्ये कापडाचा पडदा नसतो. पण माझं ऐक, आधी साध्या जंपसूटमध्ये वीसेक ट्रॅक कर, कुणाला तरी व्हिडिओ काढायला सोबत घे, आणि बघ गुडघे वाकतात का, खांदे समान आहेत का, हनुवटी वर जाते का. शरीर वाकडं असेल तर सूट ते वाकडेपणच मोठं करतो.

आता पुलबद्दल, म्हणजे पॅराशूट उघडायला हँडल ओढण्याबद्दल. ट्रॅकच्या वेगातच ओढलंस तर कॅनोपी असा दणका देते की मान आठवडाभर वळत नाही, हे मी भोगलंय. आधी तीन-चार सेकंद वेग कमी कर, हात बाहेर, पाय थोडे आत, छाती उचल, मग ओढ. नियमाने तुला 2,500 फुटांपर्यंत मुभा आहे, पण सुरुवातीला 4,500 ला ओढायचं, ऑडिबल, म्हणजे कानाशी वाजणारा उंचीचा अलार्म, त्याच्या वरच दोनदा वाजू दे. आणि हँडल! फुगलेलं जॅकेट पाठीमागून वर सरकून पायलट शूटच्या, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर खेचणाऱ्या छोट्या छत्रीच्या, हँडलवर येऊ शकतं, म्हणून पहिल्या दोन-तीन जंपमध्ये उंचावर असतानाच हात नेऊन शोधून बघ. सायप्रसच्या, म्हणजे राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या यंत्राच्या, भरवशावर राहू नकोस, ते 750 फुटांच्या आसपास आणि सेकंदाला 35 मीटरहून जास्त वेग असेल तरच चालतं, विंगसूटमध्ये तर माणूस बऱ्याचदा त्याहून हळू असतो. तुझ्या सूटमध्ये वेग बहुधा त्याच्या वरच राहील, पण बहुधावर तुझा जीव टांगलेला मला चालणार नाही.

आजीला काल फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे आपल्या पुण्याच्या शीतल महाजनने नऊवारी नेसून उडी मारली तसं काहीतरी का? 2018 ला थायलंडला मारली होती ती, आजीने तेव्हा पेपरचं कात्रण ठेवलं होतं. मी म्हटलं हो, तसंच थोडं, कापड आणि वारा. तिने लगेच विचारलं, मग नीट खोचलेलं असेल ना सगळं? मी हो म्हणाले, पण ते तूच तिला सांग.

मी शुक्रवारी रात्री निघतेय, माझा टू-पीस घेऊन. उंची आपली सारखीच आहे, तुला बसेल, कापड कमी असल्याने सुरुवातीला तो बराही पडेल. पहिल्या ट्रॅकला मी तुझ्या बाजूला असेन, थोडी वर आणि मागे, आणि तुझ्या डाव्या खांद्याकडे बघत असेन. वन-पीसची ऑर्डर तोपर्यंत थांबव.

तुझी,
आई