पुरुमेंताच्या टोपलीतले कंद

मावशी,

परवा रात्री तुम्हाला हाक मारून आमच्या बाल्कांवात आणलं आणि कुंडीपाशी वाकायला लावलं. "लवंगांचो वास गो!" म्हणालात. त्या आनंदात आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ते पेलार्गोनियम ट्रिस्टे. नर्सरीत आपण ज्याला जिरेनियम म्हणतो, त्याचंच भावंड. पेलार्गोनियम वंशात अडीचशेच्या वर जाती, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या. ही तिथल्या नैऋत्य टोकाच्या केपकडची, १६३०च्या दशकात इंग्लंडच्या बागेत फुललेली. दिवसा मळकट पिवळं-तपकिरी फूल. अंधार पडला की पतंगांसाठी घमघमतं. मला अशीच झाडं आवडतात.

केपला पाऊस थंडीत पडतो, उन्हाळाभर कंद कोरड्या मातीत झोपतो. आपल्याकडे त्याची झोप नेमकी पावसाळ्यात येते, आणि जून ते सप्टेंबर फोंड्यात कोरडी जागा शोधायची कुठे? दोन वर्षांपूर्वी कुंड्या पत्र्याखाली ठेवल्या. वरून थेंब पडला नाही, पण हवेतली ओल पुरली. गणेशचवथीच्या सुमारास चाचपलं तर लोबाटम या दुसऱ्या पेलार्गोनियमचे तिन्ही कंद बोटाखाली पिचले. आर्डेन्सचाही करंगळीएवढा तुकडाच उरला. फुल्जिडम आणि लोबाटम या जातींचा हा संकर १८१०च्या सुमारास लंडनजवळच्या नर्सरीत झाला. निखाऱ्यासारखं लाल फूल. तो मिळवायला मला तीन वर्षं लागली होती. मी रडत होते, तुम्ही पाहिलंत.

"कांदे कशे दवरतां आमी?" एवढंच विचारलंत. कांदे आपण कसे ठेवतो?

गेल्या मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण करताना कोकमाची सोलां, सुकी मासळी आणि कांद्यांच्या माळांबरोबर माझे कंदही तुमच्या चुलीवरच्या टोपलीत चढले. माती झाडून, कोरड्या वाळूत, वर्तमानपत्रात गुंडाळून. तुम्ही दर पंधरवड्याला एकेक कंद अंगठ्याने दाबून पाहत होतात. ऑगस्टमध्ये आर्डेन्सचा तुकडा एका बाजूने मऊ लागला, तेव्हा मला न विचारता तेवढा भाग कापून त्यावर राख लावलीत. मी असते तर सुरी धरायला धजले नसते, आणि तो हातचा गेला असता.

आता त्याला कळी आहे. उघडली की पहिली हाक तुम्हालाच.

यंदा मेमध्ये अकरा कंद असतील. टोपलीत जागा ठेवा.

तुमची शेजारीण
फोंडा, गोवा