झाडं लावली, पुढे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जून-जुलैत आपल्या अंकात वृक्षारोपणाचे फोटो जवळपास रोज असतात. मध्ये एक रोप, भोवती आठ-दहा मान्यवर, मागे बॅनर. वनमहोत्सव १९५० पासून चालू आहे, त्याला माझी हरकत नाही. पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्याच रोपाचा फोटो कधी पाहिल्याचं आठवत नाही. या पत्राचं कारण तेच.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमच्या गावच्या गायरानात तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका मंडळाने मोठा कार्यक्रम केला. जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा, आवळा अशी सगळी इथलीच झाडं आणली, याबद्दल त्यांचं कौतुकच. (निलगिरी आणि अकेशियाचे पट्टे बघून डोळे विटलेत.) दुपारी जेवणं झाली, गाड्या गेल्या. तिथेच शेळ्या राखणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "मास्तर, झाडं लावलासा खरं, बघायला कोण येणार?" मी काही लावली नव्हती, पण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पुढच्या रविवारपासून आम्ही पाच-सहा जण जाऊ लागलो.

पहिल्याच फेरीत दिसलं की काही रोपं काळ्या पिशवीसकट खड्ड्यात बसवलीत. ती उकरून पिशव्या फाडल्या. आत मुळांचं नुसतं वेटोळं झालेलं. एक गोष्ट मात्र आमच्याही नजरेतून सुटली. एका जांभळाला आधाराची काठी नायलॉनच्या सुतळीने करकचून बांधली होती. दुसऱ्या वर्षी खोड भरलं आणि सुतळी सालीत रुतून दिसेनाशी झाली. ब्लेडने कापून काढली तर खाली खोल खाच आणि तिच्या वरचं खोड सुजल्यासारखं. ते झाड वाऱ्यात तिथेच मोडलं. आता आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो, काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल बांधतो आणि दर पावसाळ्यानंतर सोडून पुन्हा बांधतो.

कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कसा कोसळतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको, मलप्रभेचा उगमच तिकडचा. म्हणून लोकांना वाटतं इथे झाड आपोआप जगतं. पण एकदा पाऊस उघडला की वळवापर्यंत आभाळाकडे बघायचं नाही. जांभा दगडावर हात-दीड हात माती, ती लगेच कोरडी पडते. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्याला एकदा घागरभर पाणी सावकाश जिरवलेलं बरं, म्हणजे मुळं खाली जातात. आळ्यात पाचोळा भरपूर टाकावा, फक्त बुंध्याला टेकू देऊ नये, वाळवी चढते. ही अक्कल आम्हाला बरीच रोपं घालवून आलेली आहे.

आणि खरं काम आत्ता आहे, दिवाळीच्या आधी. गवत कमरेला लागतंय. रोप कुठे आहे ते काठीच्या टोकावरून ओळखायचं, भोवतीचं गवत विळ्याने कापायचं, बुंध्याशी खुरपं लावायचं. घाईत रोपच कापलं जातं, माझ्याच हातून दोन गेलीत. मग गवत पुरतं वाळायच्या आत चहूबाजूंनी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा साफ पट्टा, काढायची. गेल्या वर्षी आम्ही तीन बाजू साफ केल्या. चौथ्या बाजूला ओढा म्हणून सोडून दिली. मार्चमध्ये ओढा कोरडा ठणठणीत होता, आणि वणवा नेमका तिकडूनच आला. ऐनाची झाडं बुंध्यापासून पुन्हा फुटली, आवळे गेले ते गेलेच. यंदा चौथी बाजूही काढायची आहे आणि हात कमी पडताहेत.

गायरानाचा वरचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आम्ही मुद्दाम मोकळा ठेवलाय. तिथे पावसाळ्यात नाजूक फुलं येतात, गुरांना चारा होतो. प्रत्येक उघडा माळ म्हणजे झाडाविना पडलेली जागा नव्हे. यावरून गावात अजून वाद चालू आहे, चालू दे.

आपल्याला एक विनंती. पुढच्या जूनमध्ये कुणी वृक्षारोपणाचा फोटो छापायला दिला, तर आदल्या वर्षी लावलेल्या झाडांचा फोटोही त्यांच्याकडे मागावा. मिळाला तर दोन्ही शेजारी-शेजारी छापावेत.

त्या मावशी आता शेळ्या पलीकडच्या अंगाला नेतात आणि कुंपणाच्या काट्या विस्कटलेल्या दिसल्या तर नातवाकडून मला फोन लावतात. ज्यांना यायचं आहे त्यांनी कुठल्याही रविवारी सकाळी सातला गायरानात यावं. विळा ज्याचा त्याने आणावा. आमच्याकडे चारच आहेत, त्यातला एक बोथट आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव