बालकाशी बोलायला पाठवता, तर बोलायलाही शिकवा

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत गेली २२ वर्षे बालसंरक्षणाचे काम करणारी मी एक सामाजिक कार्यकर्ती आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते आणि पुढचा निर्णय बराचसा सामाजिक तपासणी अहवालावर, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची नोंद करणाऱ्या अहवालावर ठरतो. हा अहवाल लिहिणारी व्यक्ती अनेकदा करारावरची, नुकतीच पदवी घेतलेली असते आणि मी पाहिलेल्या बहुतेक प्रशिक्षणांत तिला शिकवतात ते नमुने भरायला.

अलीकडेच चार वर्षांच्या एका मुलाचा अहवाल वाचनात आला. स्वभावाच्या रकान्यात लिहिले होते : ‘हट्टी, घाणेरड्या सवयी’. आईपासून तुटून त्याला ११ दिवस झाले होते. तो रात्री अंथरूण ओले करी आणि घास तोंडात धरून बसे. या वयात ताटातूट झालेले मूल शिकलेल्या गोष्टीही काही काळ विसरते, एवढे लिहिणाऱ्याला कोणी सांगितले असते, तर तो शेरा पडला नसता. आता कागदपत्रांबरोबर तो मुलाच्या मागे फिरणार.

दुसरा प्रसंग गोवंडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतला. सात वर्षांची मुलगी, शेजारी आई, दारात चार बायका. आमची कार्यकर्ती विचारत होती, “काकांनी हात लावला ना? घाबरू नकोस, हो म्हण.” मुलगी हो म्हणाली; नंतरच्या प्रत्येक प्रश्नालाही हो म्हणाली. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने, २०१२ पासून, बालकाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात नसावे इतकी काळजी घेतली आहे, आणि पोलीस पोहोचण्याआधीच आम्ही मुलाच्या तोंडात उत्तर घालून उलटतपासणीला आयता मुद्दा देऊन बसतो. “कोणाला सांगणार नाही” असे वचनही त्या कार्यकर्तीने दिले, जे पोलिसांना कळवणे बंधनकारक करणाऱ्या याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पाळता येणारच नव्हते. कार्यकर्ती वाईट नव्हती हो, “मग काय झालं?” एवढे विचारून गप्प बसायचे असते, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

शिकवणाऱ्यांची या शहरात वाण नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथे १९३६ पासून आहे, निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय १९५५ पासून, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ मध्ये इथेच सुरू झाली. पण प्रशिक्षण मोजले जाते ते हजेरीपटावर आणि जेवणाच्या बिलावर.

म्हणून विनंती अशी की, पहिल्या गृहभेटीआधी नव्या कार्यकर्त्याला किमान महिनाभर अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काम करू द्यावे, संवादाचा सराव मुंबईच्या वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या मराठी-हिंदीतच घ्यावा आणि आठवड्यातून एकदा प्रकरणांवर बोलायला वरिष्ठ उपलब्ध असावा. करार वर्षभराचाच राहिला तर शिकलेली माणसे निघून जातील, हेही ध्यानात असू द्यावे. शिवाय प्रशिक्षणाच्या यादीत बालगृहांतील रात्रपाळीच्या काळजीवाहकांची नावे घालावीत. त्या चार वर्षांच्या मुलाची चादर रात्री दोन वाजता बदलणाऱ्या बाईंना १४ वर्षांच्या नोकरीत एकाही प्रशिक्षणाचे बोलावणे आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक सामाजिक कार्यकर्ती, मुंबई