शेजारच्या खुर्चीबद्दल

प्रिय आजोबा,

सुरुवातच ‘तू’ की ‘तुम्ही’वर अडली. एका मॅचनंतर बाहेर सॉसेजच्या गाडीपाशी तुम्ही हात पुढे केलात आणि म्हणालात, ‘आता ते ‘झी’ पुरे झालं, ‘डू’ म्हण.’ तेव्हापासून जर्मनमध्ये मी तुम्हाला ‘डू’ म्हणतो. पण मराठीत ऐंशीला टेकलेल्या माणसाला अरे-तुरे केलं हे आईला कळलं, तर ती कोल्हापुरातून फोनवर माझी बिनपाण्याने करेल. म्हणून इथे ‘तुम्ही’च.

मराठीत लिहितोय तेही तुमच्याच सांगण्यावरून. ‘तुमच्याकडे लोकांना फक्त बायर्न म्युनिक माहीत. आमच्या गुमर्सबाखबद्दल कुणीतरी लिही,’ असं तुम्ही दोनदा म्हणालात. गुमर्सबाख म्हणजे तुमचं गाव आणि तिथला हँडबॉल संघ, दोन्ही. तुमचं नाव मात्र घालत नाही. ते घातलेलं तुम्हाला खपणार नाही.

ऑक्टोबर 2022. टीएच कोलोनच्या गुमर्सबाख कॅम्पसला मास्टर्ससाठी येऊन मला तीन आठवडे झाले होते. कोलोनपासून रेल्वेने तासा-सव्वातासावरचं, डोंगरातलं पन्नास हजार वस्तीचं गाव. पाऊस म्हणाल तर आमच्या गगनबावड्यासारखा, फक्त थंडगार. लायब्ररीतून बाहेर पडलो तर समोरच्या श्वाल्बे अरेनाकडे निळ्या-पांढऱ्या मफलरींची रांग लागलेली. मला वाटलं, गाण्याचा कार्यक्रम असेल. मी नुसता बघत उभा होतो. तुम्ही रांगेतून बाहेर आलात आणि विचारलंत, ‘तिकीट हवंय?’ मी घाबरून ‘नको’ म्हटलं. काळ्याबाजारात तिकीट विकणारा म्हातारा, अशी मी तुमची मनातल्या मनात नोंद केली होती. माफ करा. तुम्ही इंग्रजी-जर्मनची खिचडी करून समजावलंत, की हा सीझन पास आजींचा आहे, आजींच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत, आणि रिकामी खुर्ची शेजारी असली की तुम्हाला मॅच दिसत नाही.

आत गेल्यावर जागेवर बसण्याआधी तुम्ही मला मैदानाच्या कडेला नेलंत. वाकून तळव्याने जमीन दाबायला लावलीत. ‘दाब. आत जातेय ना?’ जरा जात होती. तुम्ही समाधानाने मान हलवलीत आणि जिना चढायला लागलात. हा काय प्रकार, ते मला चार महिन्यांनी कळलं.

त्या दिवशी हँडबॉल आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. एका बाजूला सात जण, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, आणि हुतूतूसारखी अंगाला अंग भिडवून चाललेली झटापट. मध्यंतरात तुम्ही पायाखाली बोट दाखवलंत. ‘इथे आमचं वर्कशॉप होतं.’ अरेना आणि माझा कॅम्पस दोन्ही उभे आहेत ते श्टाइनम्युलरच्या बॉयलर कारखान्याच्या जागेवर. तुम्ही तिथे फिटर होतात. कारखाना गेला, जमीन रिकामी झाली, आणि 2013 मध्ये तिथे चार हजारांवर माणूस बसेल असा हॉल आला. ज्या जागी चाळीस वर्षं पाने फिरवले, त्याच जागी आता खुर्चीत बसून रेफरीला शिव्या देतो, असं म्हणून तुम्ही स्वतःच हसलात.

मग शनिवार-रविवारचे फेरफटके सुरू झाले. मला वाटायचं आपण हँडबॉलबद्दल बोलू. तुम्ही सुरुवात केलीत 1861 पासून. तेव्हा हँडबॉल जन्मालाही आला नव्हता. त्याचे पहिले नियम बर्लिनमध्ये 1917 मध्ये लिहिले गेले. 1861 मध्ये इथे निघाला तो व्यायामवाल्यांचा संघ, टुर्नफराइन. आणि व्यायाम हा त्या काळात साधा विषय नव्हता. फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या मास्तराने 1811 मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडेत उघड्यावर आखाडा काढला होता. नेपोलियनच्या फौजांशी लढायला पोरं तयार व्हावीत, हा हेतू. पुढे राजेलोकांनाच त्या पोरांची धास्ती वाटली. यान तुरुंगात गेला आणि 1820 ते 1842 अशी बावीस वर्षं प्रशियात या व्यायामावर बंदी होती. 1860 मध्ये कोबुर्गला पहिला मोठा राष्ट्रीय मेळा भरला आणि त्या लाटेत गावोगाव संघ निघाले. तुमचा त्याच लाटेतला.

तुम्ही यानच्या ‘बारेन’चं चित्र दाखवलंत तेव्हा मी ओरडलोच होतो, आठवतं? दोन समांतर दांडे, खाली चार पाय. अहो, हा तर आमच्या पेठेतल्या तालमीतला डबल बार! लाल मातीच्या हौद्याशेजारी, तेल पिऊन काळा पडलेला, ज्यावरून पडून मी सहावीत हात मोडून घेतला होता. मला तो शिवाजी महाराजांच्या काळापासून तिथेच असावा असं वाटायचं. तो तुमच्या यानबाबाचा निघाला.

मग माझी पाळी. मी तुम्हाला सांगितलं, की कोल्हापुरात फुटबॉल खेळतात त्या टीमचं नावच मुळी ‘तालीम मंडळ’ असतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीसाठी काढलेल्या तालमी, पण आता शाहू स्टेडियम भरतं ते त्यांच्या फुटबॉलला. तुम्ही थांबलात, छत्री दुसऱ्या हातात घेतलीत आणि म्हणालात, ‘म्हणजे आमच्यासारखंच. डबल बारसाठी जमले आणि बॉल घेऊन पळाले.’ तुमच्या संघाच्या नावातलं ‘व्हीएफएल’ म्हणजे काय, हेही तेव्हाच फोड करून सांगितलंत: शारीरिक व्यायामांसाठीचा संघ. नावात कुठेही हँडबॉल नाही. व्यावसायिक टीम आता वेगळ्या कंपनीकडे आहे, पण मुळातला संघ वर्गणीवर चालतो.

या इतिहासाचा एक भाग तुम्ही गाळला असतात तरी मला कळलं नसतं. तुम्ही गाळला नाहीत. यान ज्यूंबद्दल आणि फ्रेंचांबद्दल काय विष ओकायचा, ते सांगितलंत. 1933 च्या एप्रिलमध्ये देशभरच्या टुर्नफराइनांच्या शिखर संघटनेने ‘आर्य कलम’ लागू केलं, कुणी बळजबरी करेपर्यंतही वाट न बघता, आणि वर्षानुवर्षं शेजारी व्यायाम करणारी ज्यू माणसं सभासद यादीतून पुसली गेली. युद्ध संपल्यावर, 1945 च्या डिसेंबरात दोस्त राष्ट्रांनी सगळेच जुने क्रीडासंघ बरखास्त केले आणि परवानगी घेऊन एकेक पुन्हा उभा राहिला. ‘वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत हे पान बहुतेक ठिकाणी पातळ असतं,’ एवढंच म्हणालात. आमच्याकडच्या पुस्तिकांमध्येही काही पानं पातळच असतात, हे मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

1966 मध्ये गुमर्सबाखने पहिल्यांदा जर्मन विजेतेपद घेतलं. ते धरून 1991 पर्यंत एकूण बारा. युरोपचा चषक पाच वेळा: 1967, 1970, 1971, 1974, 1983. पहिल्या फायनलला तुम्ही बावीस वर्षांचे होतात. मॅच डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनहालेत होती. प्रागच्या डुक्लाला 17-13 असं हरवलं आणि परतताना बसमध्ये तुमचा आवाज गेला तो सोमवारपर्यंत आला नाही. फोरमनशी तुम्ही खुणांनी बोललात.

त्या टीमचा हीरो हान्सी श्मिट. 2023 च्या फेब्रुवारीत ते गेले, त्या आठवड्यात तुम्ही मॅचबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. रुमेनियातल्या बनातमध्ये जन्मलेला जर्मन भाषक मुलगा, 1963 मध्ये टीमबरोबर पश्चिम जर्मनीत खेळायला आला आणि परत गेलाच नाही. तिकडे तो फरारी ठरला, इकडे काही काळ खेळायला बंदी. उडी मारल्यावर सगळे खाली यायला लागले की हा हवेत क्षणभर जास्त थांबायचा आणि मग बॉल सोडायचा. तुम्ही रस्त्यात, बस स्टॉपवर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला ती उडी करून दाखवलीत. दोन सेंटिमीटर असेल. पण हात नेमका वेळेवर सुटला.

आणि त्याच संध्याकाळी डेकार्मचं सांगितलंत. योआखिम डेकार्म, 1978 मध्ये कोपनहेगनला सोव्हिएत युनियनला 20-19 ने हरवून जगज्जेत्या झालेल्या पश्चिम जर्मन संघातला, त्या वेळचा सर्वोत्तम म्हणावा असा खेळाडू, गुमर्सबाखचा. 30 मार्च 1979, हंगेरीतलं तताबान्या, चषक विजेत्यांच्या स्पर्धेची सेमीफायनल. धावताना समोरच्याशी टक्कर झाली आणि तो डोक्यावर पडला. खाली काँक्रीट, त्यावर प्लास्टिकचा पातळ थर. 131 दिवस कोमात. पंचवीस वर्षांचा होता. मग बोलणं, चालणं, घास तोंडाशी नेणं, सगळं पहिल्यापासून. तुम्ही रात्रपाळीला होतात, बातमी पहाटे गेटवर कळली. 2018 मध्ये त्यांना पुन्हा गुमर्सबाखला राहायला आणलं, हे सांगताना तुमचा आवाज जरा मोकळा झाला.

‘म्हणून जमीन दाबून बघायची,’ तुम्ही म्हणालात. प्रत्येक नव्या हॉलमध्ये, प्रत्येक नव्या माणसाला. मी मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा पेठेतल्या तालमीत डबल बारखाली हात घालून बघितलं. माती बऱ्यापैकी भुसभुशीत आहे. वस्तादांनी विचारलं, ‘काय शोधतोयस रे?’

हाइनर ब्रांडबद्दल लिहिलं नाही तर तुम्ही रागवाल. गावचा पोरगा, मिश्या अशा की 2007 मध्ये कोलोनला पोलंडला 29-24 ने हरवून जर्मनी जिंकली तेव्हा सगळ्या खेळाडूंनी खोट्या मिश्या लावून बक्षीस घेतलं. आधी खेळाडू म्हणून, मग प्रशिक्षक म्हणून जगज्जेता. अरेनासमोरच्या चौकाला त्यांचं नाव आहे. झालं लिहून.

2019 बद्दल तुम्हीच थोडक्यात बोललात, मीही तेवढंच लिहितो. बुंडेसलिगा, म्हणजे पहिल्या श्रेणीची लीग, सुरू झाल्यापासून कधीही खाली न गेलेली टीम शेवटच्या दिवशी बरोबरी करून खाली गेली. तीन सीझन दुसऱ्या श्रेणीत काढून आइसलँडच्या गुडयोन वालुर सिगुर्डसन यांच्या हाताखाली 2022 मध्ये वर आली. त्या तीन वर्षांत आजींनी पासचं नूतनीकरण एकदाही चुकवलं नाही, गुडघे दुखत असतानाही. मी पहिल्या ऑक्टोबरात बसलो ती खुर्ची अशी राखलेली होती, हे मला खूप नंतर समजलं.

आता आभार, ज्यासाठी हे सगळं सुरू केलं.

माझ्या जर्मन भाषेच्या बी-वन परीक्षेत तोंडी विषय निघाला ‘फेराइन’, म्हणजे संघ-मंडळं. बाकीची पोरं पाठ केलेली वाक्यं आठवत होती. मी सांगितलं, की सात माणसं जमली की नोंदणी करता येते, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, खजिनदार हिशेब वाचतो आणि मागच्या रांगेतला एक जण दर वर्षी कॉफीच्या खर्चावरून भांडतो. परीक्षक बाई म्हणाल्या, ‘तो आमच्याकडेही आहे.’ पास झालो. ती सभा तुम्ही मला दाखवली होतीत. भांडणारे तुम्हीच होतात, ते मी परीक्षेत सांगितलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायचा आणि मी घरी फोन करून ‘छान चाललंय’ म्हणायचो. मॅच असलेल्या दिवशी ते खरं असायचं. कुणीतरी आपली वाट बघतंय, उशीर झाला तर ओरडणार आहे, थर्मासमधली कॉफी अर्धी ठेवणार आहे, एवढ्यावर मी ते दोन हिवाळे काढले. आजींच्या प्लमच्या केकचे डबे अजून माझ्याकडे दोन आहेत. धुऊन ठेवलेत.

आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आलोय आणि परवा फोनवर तुम्ही बातमी दिलीत, की आजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालं, त्या आता जिना चढतात, आणि पास परत मागतायत. एकदम मान्य. खुर्ची त्यांचीच. मी ऑक्टोबरात येतोय, तिकीट काढून, उभ्याच्या जागेत. मध्यंतरात वर बघा, हात करतो. डबे घेऊन येतो.

तुमचा,
शेजारच्या खुर्चीतला कोल्हापूरकर