मिलानचे हॉटेल आणि व्हर्डी

महोदय,

इटलीच्या सहलींच्या जाहिरातींत मिलान म्हटले की कॅथेड्रल आणि खरेदी एवढेच दिसते. तिथल्या ‘ग्रँड हॉटेल ए द मिलान’चा इतिहास मात्र कोणी सांगत नाही, याची खंत वाटते. आंद्रेआ पिझ्झाला या वास्तुविशारदाचे हे हॉटेल १८६३ मध्ये सुरू झाले. टपाल आणि तारेची सोय हॉटेलातच असल्याने व्यापारी व राजनैतिक अधिकारी इथे उतरत. खरे नाव झाले ते संगीतकार ज्युसेप्पे व्हर्डी यांच्यामुळे. ला स्काला नाट्यगृह हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मिलानमध्ये त्यांचा मुक्काम इथेच. १८८७ मध्ये त्यांच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेराच्या (संगीतनाट्याच्या) पहिल्या प्रयोगानंतर रसिक थेट हॉटेलच्या सज्जाखाली जमले! जानेवारी १९०१ मध्ये पक्षाघाताने ते इथेच अंथरुणाला खिळले, तेव्हा घोडागाड्यांचा खडखडाट त्यांच्या कानी पडू नये म्हणून खालच्या रस्त्यावर पेंढा पसरला होता. कलावंताची एवढी काळजी घेणारे शहर मला फार मोठे वाटते. २७ जानेवारीला त्यांचे निधन झाले. सहल कंपन्यांनी खरेदीतला अर्धा तास कमी करून प्रवाशांना व्हिया मान्झोनी या रस्त्यावरची ही इमारत जरूर दाखवावी.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे