फाटकापाशीच्या गवतासाठी, काकू…

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय पोह्यांवर नेता, म्हणून हे जाहीर पत्र.

फाटकालगत जांभळ्या फाउंटन ग्रासला, त्या शोभेच्या गवताला, तुरे आलेत, मागे वाळा छातीएवढा झालाय. इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या गल्लीत येणारा-जाणारा थांबून विचारतो. नर्सरीवाला हिरवी जात गळ्यात मारत होता. "तिचं बी वाऱ्याने गल्लीभर होतं, जांभळीचं सहसा रुजत नाही," म्हणत तुम्ही रोपं परत ठेवायला लावलीत.

माळव्याची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, म्हणून फाउंटन ग्रासला तुम्ही मुरूम घालून गादीवाफा करवलात. वाळा मात्र सखल कोपऱ्यात! त्याला साचलेलं पाणीही चालतं आणि वैशाखही. मुळं सरळ खाली उतरतात, शेजारच्या वाफ्यात घुसखोरी नाही. युरियाची पिशवी तर तुम्ही उघडूच दिली नाहीत. नत्र जास्त झालं की गवत फोफावतं आणि आडवं पडतं, हे एका वाक्यात सांगून मोकळ्या झालात.

खरी मजा फेब्रुवारीतल्या छाटणीची. नवे कोंब यायच्या आत ठोंब सुतळीने पेंढीसारखा आवळायचा आणि विळ्याने वीतभर ठेवून कापायचा. पसारा शून्य. समोरचे भिया म्हणाले, "चलो, घास साफ करवा ली, अच्छा किया!" तेव्हा तुम्ही पदराआड हसत होतात, मी पाहिलंय.

ते कापलेलं गवत तुम्ही कचरागाडीत जाऊ दिलं नाहीत. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या शेती-संशोधन संस्थेत होते. पालापाचोळा, शेण, माती नि राख यांचे थर रचून, मधूनमधून उलथून तीन महिन्यांत खत करायची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. जन्म इंदुरात गेला, पण हे कळलं तुमच्याकडून. आमच्या खड्ड्यातलं खत गुलाबांना जातं. गवताला नाही, तुमची सक्त ताकीद!

एका ठोंबाचं मधलं वाळायला लागलंय. येत्या आषाढात तो फोडून कडेचे फुटवे वेगळे करू. पहार मी चालवेन, तुम्ही खुर्चीत बसून ओरडा. फुटवे मागणाऱ्या बऱ्याच आहेत; कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
मागच्या गल्लीतली सूनबाई