औंधच्या स्वराज्याचे कागद वाचवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

औंध म्हटले की यमाईचा डोंगर, सूर्यनमस्कार आणि चित्रांचे संग्रहालय आठवते. परंतु जानेवारी १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली, हे आपल्या भागातल्या मुलांनाही ठाऊक नसते. महात्मा गांधींचा सल्ला आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत व पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम यांतून तयार झालेल्या या घटनेनुसार ७२ गावांच्या या संस्थानात गावाने पंचायत निवडायची आणि पंचायतींतून तालुका समिती व पुढे विधिमंडळ उभे राहायचे, अशी रचना होती. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्या काळातले बरेच कागद घरोघरच्या माळ्यांवर गेले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अशीच एक ठराववही सापडली. कसरीने तिचे कोपरे खाल्ले आहेत, पण गावविहिरीचा गाळ काढण्याचा ठराव आणि त्याखालच्या पंचांच्या सह्या, त्यांतली एक मोडी लिपीत, अजून स्पष्ट वाचता येतात. अशा वह्यांचे डिजिटल संग्रहालय उभारण्याचे आमच्या वाचनालयाने ठरवले आहे.

हे केवळ गावाच्या अभिमानाचे काम नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला घटनेचा पाया मानण्यास कठोर शब्दांत विरोध केला होता. पुढे त्याच महिन्यात सभेचे सदस्य के. संतानम यांची दुरुस्ती स्वीकारली गेली आणि ग्रामपंचायतींविषयीचे आजचे अनुच्छेद ४० आकाराला आले. ही चर्चा इंग्रजीत कोणालाही वाचता येते. आम्ही तिचा मराठी अनुवाद या वह्यांच्या शेजारी ठेवणार आहोत, म्हणजे पंचांत कोण बसत होते, कोणाला जागाच नव्हती आणि बाबासाहेबांचा आक्षेप औंधला कितपत लागू पडतो, हे वाचकाला मूळ कागदावरूनच तपासता येईल. उत्तर आपल्याला सोयीचे निघेलच, असे नाही.

औंध, आटपाडी, कुंडल या भागांतील आणि कामानिमित्त बाहेरगावी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपल्याकडील ठराववह्या, नोटिसा, मतदारयाद्या, पत्रे व छायाचित्रे स्कॅनिंगसाठी द्यावीत, ही विनंती. मूळ कागद आपल्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत केले जातील; ते घराबाहेर काढणे नको वाटत असेल, तर आमचे कार्यकर्ते आपल्याकडे येतील. मोडी वाचणाऱ्यांची आम्हाला पैशांपेक्षाही अधिक निकड आहे. अर्थात पुस्तके न उसवता प्रती घेणारा स्कॅनर, साठवणुकीच्या हार्ड डिस्क आणि अनुवादकांचे मानधन यांसाठी निधीही हवा आहे. कोणतीही रक्कम स्वीकारली जाईल, रीतसर पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लावला जाईल.

ज्यांच्या घरी त्या काळची आठवण सांगणारे कोणी वडीलधारे असतील, त्यांनी कृपया आधी कळवावे. त्यांचे ध्वनिमुद्रण आम्ही सर्वप्रथम करू.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ